निसर्गदृश्यांची पारख

आपण टिपलेले निसर्गदृश्य आपल्यासारख्याच हौशी माणसांपुढे ठेवावे, त्यातील उणिवा त्यांच्या तोंडून ऐकाव्यात आणि दुसऱ्याच्या चित्राविषयी आपलेही मत निर्भीडपणे सांगावे, ही प्रथा अलीकडची आहे असा पुष्कळांचा समज असतो. परंतु तिचा माग काढीत गेल्यास आपण १८५४ सालच्या मुंबईत, लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीमागोमाग अवघ्या पावणेदोन वर्षांत स्थापन झालेल्या ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’च्या बैठकीत जाऊन पोहोचतो. कंपनी सरकारच्या अंमलदारांचा भरणा असलेल्या या मंडळात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते, ही गोष्ट मराठी वाचकाने अगत्याने ध्यानात ठेवावी. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचा वर्ग सुरू झाला व हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे नामांकित छायाचित्रकार त्यातून तयार झाले.

त्या काळच्या गुणदोषविवेचनाचे मर्म समजण्यास त्या काळचा हुन्नर समजून घेतला पाहिजे. चित्र जेवढे मोठे हवे तेवढीच मोठी निगेटिव्ह लागे; ती मेण पाजलेल्या कागदावर तरी करावी लागे, नाहीतर काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन, तो सुकण्यापूर्वीच प्रकाश दाखवून जागच्या जागी धुवावी लागे, आणि त्यासाठी अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या व पाणी यांचा सारा सरंजाम हमालांच्या डोक्यावरून डोंगरापर्यंत न्यावा लागे. शिवाय निगेटिव्हवर प्रतिमा उमटवणारे चांदीचे क्षार निळ्या प्रकाशाला फार लवकर आणि हिरव्याला फार उशिरा वश होत, त्यामुळे झाडी नीट उमटावी म्हणून थांबले की आकाश कोरे पांढरे पडे, व आकाशातले ढग राखले तर रान काळेठिक्कर होई. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने काही समुद्रदृश्यांत समुद्राची एक व आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह एकाच कागदावर छापून ही अडचण ओलांडली. अशा परिस्थितीत कोऱ्या आकाशाला दोष देण्यापूर्वी त्यातील कसूर माणसाचा किती आणि क्षारांचा किती याचा तपशील पाहावा लागे, आणि तो पाहणे परीक्षकाला शक्य होते, कारण त्याचीही बोटे त्याच चांदीने काळी झालेली असत. मतामागे असा अनुभव उभा असणे हे मला त्या मंडळींचे सर्वांत मोठे वैभव वाटते.

दृष्टीच्या बाबतीत मात्र ही पारख तितकी निर्दोष नव्हती. नॉटिंगहॅममधील बँकेची नोकरी सोडून १८६३ साली हिंदुस्थानात आलेल्या सॅम्युएल बोर्नने १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत १८,६०० फुटांवर चित्रे घेतली, आणि त्याच्या चिकाटीपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. पण ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’तील त्याच्या लेखांत हिमालयाच्या भव्यतेची वाखाणणी करतानाच तेथे तळी, नद्या आणि चित्राला शोभा आणणारे लहानसहान विषय यांची वाण असल्याची तक्रारही आढळते. इंग्लंडच्या शेतशिवारावर घडलेले माप दुसऱ्या मुलखाला लावले की तो मुलूखच उणा ठरतो. सह्याद्रीचे उघडे कातळ, वैशाखातली करपलेली माळराने यांना त्या मापात स्थान मिळणे कठीणच होते.

याहून गंभीर दोष कलकत्त्यात दिसला. तेथील फोटोग्राफिक सोसायटीचे खजिनदार, थोर पुराणवस्तुसंशोधक राजेंद्रलाल मित्र यांनी निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध जाहीर भाषण केले म्हणून १८५७ साली त्यांना सभासदत्वावरून दूर करण्यात आले. कागदावरील छाया-प्रकाशाशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा कारणावरून निवाडा करणारी सभा कलेची पारख करण्याचा अधिकार गमावून बसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरड्या प्लेटा, फिल्म आणि हाती मावणारे कॅमेरे आले, हौशी माणसांची संख्या वाढली, आणि १९३२ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘कॅमेरा पिक्टोरियालिस्ट्स’सारख्या संस्थांच्या काळात प्रदर्शनांना, ज्यांना ‘सलोन’ म्हणत, महत्त्व आले. त्यांनी चित्राची मांडणी व छपाई यांविषयी उच्च अभिरुची निर्माण केली, हे ऋण मान्यच आहे. परंतु शेकडो चित्रांतून निवड करावयाची म्हणजे परीक्षकाच्या मुखातून स्वीकार किंवा नकार एवढाच शब्द निघणार. नाकारलेल्या चित्राच्या मालकाला त्याचे कारण कळण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती, आणि आजच्या बहुतेक स्पर्धांतही ती नाही. म्हणून पुण्यामुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या छायाचित्र-मंडळांच्या चालकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, परत पाठवावयाच्या प्रत्येक निसर्गचित्राच्या पाठीवर परीक्षकाने आपल्या हस्ताक्षरात दोन ओळी लिहाव्यात, आणि त्याखाली आपली सही करावी.