विश्वचषक हॉकी स्पर्धा, पाचवी (मुंबई)

पुरुषांच्या हॉकीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. २९ डिसेंबर १९८१ ते १२ जानेवारी १९८२ या काळात, बारा राष्ट्रांच्या संघांच्या उपस्थितीत, ती मुंबईस चर्चगेटनजीकच्या मैदानावर भरली. भारतभूमीस यजमानपदाचा हा मान प्रथमच लाभला. अंतिम सामन्यात अख्तर रसूल यांच्या नेतृत्वाखालील पाकिस्तानने पश्चिम जर्मनीस ३–१ असे नमविले. १९७५ साली क्वालालंपूर येथे जगज्जेता ठरलेला भारत मात्र स्वभूमीवर पाचवा आला, ही गोष्ट मनास लागून राहते.

नैसर्गिक हिरवळीवर खेळली गेलेली ही अखेरची विश्वचषक स्पर्धा होय. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून कृत्रिम पृष्ठभागाचा अंमल सुरू झालाच होता. आणि उसळणारा चेंडू काठीच्या टोकाशी खेळवीत प्रतिपक्षास हुलकावणी देण्याचे जे मनोहर कौशल्य भारत-पाकिस्तानने जोपासले, त्यापेक्षा वेग व दमसास यांस पुढे अधिक मोल आले.

मुंबईप्रमाणेच पुण्याचाही विश्वचषक स्पर्धामालिकेशी दृढ संबंध जोडला तो तेथील खडकीने. तेथील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या काठ्या व टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळत वाढलेले धनराज पिल्ले १९९० ते २००२ या अवधीतील चारही विश्वचषक स्पर्धांत भारताकडून खेळले.