वर्धा, १९३५ : दिवसांच्या गणिताची कथा

समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. सर्व धर्मांची माणसे तेथे नवस बोलतात. मूल न होण्याचे दुःख कोणत्याही एका धर्माचे नसते. आपल्या घरांतूनही त्यासाठी नोव्हेना होतात. मात्र दोषाचे बोट बहुधा सुनेकडेच वळते.

स्त्रीबीज केव्हा मुक्त होते, हे एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. ते पाळीच्या सुमारास मुक्त होते, असा त्यांचा समज होता. म्हणून नेमके उलटे सल्ले दिले जात. १९२४ साली जपानच्या डॉ. क्युसाकू ओगिनो यांनी दाखवून दिले, की पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी बीज सुटते. अपत्यहीन जोडप्यांना साहाय्य व्हावे, हा त्यांचा हेतू होता. जगाने मात्र तेच गणित संततिनियमनासाठी वापरले.

या इतिहासात वर्ध्याचेही स्थान आहे. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर गांधीजींना भेटावयास येथे आल्या. कृत्रिम साधने गांधीजींनी नाकारली. परंतु 'सुरक्षित काळा'त संयमाचा अंश असल्याने तो मार्ग त्यांना तितका अप्रिय वाटला नाही. पुढे त्यांच्या सहकारी, ख्रिस्ती घराण्यातील राजकुमारी अमृत कौर, स्वतंत्र भारताच्या आरोग्यमंत्री झाल्या. त्यांच्याच काळात, १९५१ साली, जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना भारतात पाठविले. दिल्लीत व म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा. पण प्रत्येकीचे ऋतुचक्र २८ दिवसांचे थोडेच असते! माळेचे गणित तेथेच अडले.

मेलबर्नचे डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी १९५३ पासून एका धर्मगुरूंच्या विनंतीवरून वेगळी वाट शोधली. त्यांनी कॅलेंडरापेक्षा शरीराच्या खुणांवर भर दिला. बीज सुटण्याच्या सुमारास गर्भाशयमुखाचा स्राव पातळ, निसरडा व अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा होतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत हा अभ्यास केला. त्यांत बंगळूरही होते. नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियांना पहिल्याच चक्रात ही खूण ओळखता आली. त्यासाठी मोठ्या शिक्षणाची गरज पडली नाही.

आज मूल हवे असणाऱ्या दांपत्याला हे ज्ञान असे उपयोगी पडते : बीज सुटण्यापूर्वीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस महत्त्वाचे. पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी घेतलेले तापमान बीज सुटल्यानंतर किंचित वाढते. म्हणजे ते घडून गेलेली गोष्ट सांगते. स्राव आधी सूचना देतो, आणि औषधाच्या दुकानात मिळणारी लघवीची चाचणीपट्टीही देते.

वर्षभरात गर्भ राहिला नाही, किंवा पत्नीचे वय पस्तिशीपुढे असून सहा महिने गेले, तर डॉक्टरांकडे जावे. आणि दोघांनी जावे. दोष पुष्कळदा पतीकडेही असतो. विवाहाच्या वेदीवर दोघांनी एकमेकांचा हात धरला होता. तपासणीच्या दारात तो सुटावा कशाला?