स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील व्यक्तिगत लस

शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीची जनुकीय तपासणी करून त्या एकाच रुग्णासाठी बनवलेली लस. गोवराच्या लशीप्रमाणे ती रोग टाळण्यासाठी नसते. शरीरात मागे उरलेल्या कर्कपेशी ओळखून मारायला ती प्रतिकारशक्तीला शिकवते. एकाची लस दुसऱ्याच्या उपयोगाची नाही.

स्वादुपिंडाचा कर्करोग बहुधा उशिरा कळतो आणि शस्त्रक्रियेनंतरही बहुतेकांत उलटतो. अमेरिकेतसुद्धा निदानानंतर पाच वर्षे जगणारे रुग्ण जेमतेम १३ टक्के. या गाठींत जनुकीय बदल थोडे असल्याने प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटणारच नाहीत, असा समज होता. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील शल्यचिकित्सक विनोद बालचंद्रन यांनी मात्र या रोगातून दीर्घकाळ वाचलेल्या मोजक्या रुग्णांकडे लक्ष वळवले. त्यांच्या गाठींत प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींची गर्दी होती आणि गाठीतील बदललेली प्रथिने, म्हणजे नवप्रतिजने, त्या पेशींना ओळखू येत होती. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. लशीची कल्पना या वाचलेल्या माणसांनी दिली, असेच म्हणावे लागेल.

त्यावरून बनवलेल्या लशीच्या चाचणीत गाठीचे नमुने न्यूयॉर्कहून जर्मनीतील बायोएनटेक कंपनीकडे जात. तेथे प्रत्येक रुग्णाची जास्तीत जास्त २० नवप्रतिजने निवडून त्यांची सांकेतिक माहिती एमआरएनएच्या धाग्यात गुंफली जाई व मेदकणांत भरून शिरेवाटे दिली जाई. लस तयार व्हायला सुमारे नऊ आठवडे लागत. एवढ्या वेगवान रोगात हा काळ थोडा नव्हे.

‘ऑटोजीन सेव्ह्युमेरान’ नावाची ही लस १६ रुग्णांना मिळाली. जोडीला अटेझोलिझुमॅब हे औषध आणि केमोथेरपीही होती. आठ जणांत लशीमुळे नव्या टी-पेशी उपजल्या. सुमारे तीन वर्षांनी, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, या आठांपैकी दोघांतच रोग उलटलेला होता. प्रतिसाद न दिलेल्या आठांपैकी सातांत तो परतला होता. या टी-पेशी सरासरी सात वर्षांहून अधिक टिकतील, असा संशोधकांचा अंदाज आहे.

हे आकडे आशा वाढवतात, पण लस न दिलेला तुलनागट या चाचणीत नव्हता. प्रतिसाद देणाऱ्यांची प्रतिकारशक्ती मुळातच सशक्त असण्याची शक्यता त्यामुळे पुरती निकालात निघत नाही. याच कारणाने २०२३ साली, लस व अटेझोलिझुमॅबसह केमोथेरपीची निव्वळ केमोथेरपीशी तुलना करणारी मोठी चाचणी सुरू झाली. तिच्यात सुमारे २६० रुग्ण घेण्याचे ठरले.