काळी बाहुली आणि साच्याची मालकी

बाजाराला वर्ण कळत नाही, त्याला फक्त नफा कळतो, असा युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो. माल खपत असेल तर कंपनी तो कोणालाही विकेल, मग वेगळ्या कारखान्याची भाषा कशाला, असा प्रश्न त्याला जोडूनच येतो. हा युक्तिवाद किती खरा आहे, हे तपासायचे असेल तर अमेरिकेतल्या खेळण्यांच्या धंद्याचा इतिहास पाहावा. तिथे लाखो कृष्णवर्णीय मुले होती, त्यांच्यासाठी खेळणी विकत घेणारे आईबाप होते. तरीही विसाव्या शतकाचा निम्म्याहून अधिक काळ या मुलांच्या चेहऱ्याची बाहुली मोठ्या दुकानांत जवळपास मिळतच नव्हती. मिळत होती ती बहुधा त्यांची टिंगल करणारी, नाहीतर गोऱ्या घरातल्या मोलकरणीच्या रूपातली.

याचा परिणाम काय होतो, हे केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने दाखवून दिले. तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे त्यांनी रंग सोडला तर अगदी सारख्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, खेळायला कोणती आवडेल, असे विचारल्यावर बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली उचलली. शेवटी, तुझ्यासारखी कोणती दिसते, असे विचारल्यावर काही मुले रडू लागली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले, त्या निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या अभ्यासाचा उल्लेख आहे. म्हणजे न्यायालयापर्यंत बाहुली पोहोचली होती. कारखान्याचे काय?

कारखाने त्या काळात भलत्याच शर्यतीत होते. हॅस्ब्रोने १९५२ साली मिस्टर पोटॅटो हेडची जाहिरात टीव्हीवर केली. १९५५ मध्ये मॅटेलने डिस्नेच्या ‘मिकी माऊस क्लब’ या कार्यक्रमासाठी वर्षभराचे पाच लाख डॉलर मोजले आणि आईबापांना ओलांडून थेट मुलांशी बोलायला सुरुवात केली. १९५९ मध्ये तीन डॉलरची बार्बी आली, पहिल्याच वर्षी सुमारे तीन लाख खपली. हॅस्ब्रोने १९६४ मध्ये मुलांसाठी जी. आय. जो हा सैनिक आणला. दोघांचे गणित एकच होते. बाहुली स्वस्तात द्यायची आणि नंतर तिचे कपडे, बूट, बंदुका वर्षानुवर्षे विकत राहायच्या. यात खरा खर्च दोन ठिकाणी असतो, साच्यावर आणि जाहिरातीवर. प्लॅस्टिकमध्ये रंग मिसळायला जवळजवळ काहीच लागत नाही.

आता पुढचे नीट पाहा. १९६५ मध्ये कृष्णवर्णीय जी. आय. जो आला तो गोऱ्या सैनिकाच्याच साच्यातून, फक्त तपकिरी रंगात. १९६७ मध्ये मॅटेलने बार्बीच्या चुलत बहिणीची, फ्रान्सीची, काळी आवृत्ती काढली. साचा तोच, नाकडोळे तेच, नावही तेच, फक्त पुढे ‘कलर्ड’ जोडलेले. ती फारशी खपली नाही. यावरून काळी बाहुली चालत नाही असा निष्कर्ष काढणे सोपे होते. पण जी बाहुली कोणाच्याच घरातल्या मुलीसारखी दिसत नव्हती, ती घ्यायची कोणी? आणि वेगळा साचा करताच येत नव्हता असेही नाही. आयडियल कंपनीने १९५१ साली कृष्णवर्णीय मुलांच्या फोटोंवरून घडवलेली सारा ली ही बाहुली काढली होती. दोन-तीन वर्षांत ती बंद झाली.

ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत उद्रेक झाला. ३४ माणसे मेली. (दलित पँथरमुळे ऑकलंडचे ब्लॅक पँथर आपल्याला माहीत आहेत, वॉट्सबद्दल आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.) त्यानंतर लू स्मिथ आणि रॉबर्ट हॉल या नागरी हक्क चळवळीतल्या दोन कार्यकर्त्यांनी ‘ऑपरेशन बूटस्ट्रॅप’ ही संस्था काढली. वस्तीतल्या तरुणांना कामाचे प्रशिक्षण द्यायचे आणि वस्तीच्या मालकीचे उद्योग उभे करायचे, असा त्यांचा कार्यक्रम होता. १९६८ मध्ये मॅटेलने त्यांना खेळण्यांचा कारखाना उभारायला भांडवल आणि तंत्रज्ञान दिले. कारखान्याचे नाव ठेवले शिंदाना. स्वाहिलीतल्या या शब्दाचा अर्थ स्पर्धा करणे. ज्याच्या मदतीने कारखाना उभा राहतोय त्याच्याच धंद्यात उतरताना हे नाव ठेवायला हिंमत लागते.

शिंदानाची पहिली बाहुली बेबी नॅन्सी. तिचे नाक, ओठ, गाल कृष्णवर्णीय बाळाचे होते. पुढे तिचे कुरळे केसही तसेच आले. ज्या आफ्रो केसांवरून शाळेत आणि नोकरीत माणसे हिणवली जात होती, तेच केस आता मुलगी विंचरत बसणार होती. पुढे विनोदवीर फ्लिप विल्सन आणि बास्केटबॉलपटू ज्युलियस अर्व्हिंग यांच्याही बाहुल्या निघाल्या. ग्राहक नाहीत, ही सबब शिंदानाने कायमची मोडून काढली.

पण मॅटेलही थांबली नव्हती. ज्या वर्षी तिने शिंदानाला पैसे दिले, त्याच १९६८ साली तिने बार्बीची कृष्णवर्णीय मैत्रीण ख्रिस्ती बाजारात आणली. मॅटेलचा हेतू वाईटच होता असे मी म्हणत नाही. ती मदत खरी होती आणि त्या काळात दुर्मीळही. प्रश्न हेतूचा नाही, ताकदीचा आहे. खेळण्यांची बरीचशी विक्री नाताळच्या तोंडावर होते. प्लॅस्टिक आणि मजुरीचे पैसे कित्येक महिने आधी मोजावे लागतात, दुकानदाराकडून पैसे सुटतात ते हंगाम संपल्यावर. एखादी बाहुली पडून राहिली तर मॅटेल तो तोटा दुसऱ्या मालावर काढते. वस्तीतला कारखाना एका वाईट हंगामात कर्जात बुडतो. त्यात १९७६ मध्ये लू स्मिथ अपघातात गेले. १९८३ मध्ये शिंदाना बंद पडली.

त्याआधी तीन वर्षे, १९८० साली, मॅटेलने पहिल्यांदा कृष्णवर्णीय बाहुलीला बार्बी हे नाव दिले. तोवर तिला फक्त मैत्रीण होता येत होते. ही बार्बी घडवली किटी ब्लॅक पर्किन्स या कृष्णवर्णीय डिझायनरने. तिचे श्रेय मोठेच आहे. पण ती आत बसून काम करू शकली त्यामागे बाहेर बारा वर्षे चाललेला एक कारखाना होता, हे मॅटेलच्या कौतुकात सहसा येत नाही.

पुन्हा तेच मुलांच्या खेळण्यांत झाले. मॅटेलचा ही-मॅन १९८० च्या दशकात घराघरांत होता. आपण गोरे नाही म्हणून आपल्याला सुपरहिरो होता येणार नाही, असे स्वतःच्या लहान मुलाच्या तोंडून ऐकल्यावर यला ईसन या बाईंनी १९८५ मध्ये ओल्मेक ही कंपनी काढून सन-मॅन आणला. या वेळीही सुरुवात कंपनीच्या बाहेरून झाली. ओल्मेक बंद पडली आणि बऱ्याच वर्षांनी सन-मॅन परत आला तो मॅटेलच्या खोक्यातून.

अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी संग्रहालयाने बार्बीला मानाचे स्थान दिले १९९८ मध्ये, पहिल्याच वर्षी. बेबी नॅन्सीला ते २०२० मध्ये मिळाले, खडू आणि जेंगाच्या सोबत. तिचा कारखाना बंद होऊन तेव्हा ३७ वर्षे झाली होती.