सिनायपूर्वीचे नियम आणि शनिवार तेली

आमची कामठी १८२१ साली वसलेल्या छावणीभोवती वाढली. छावणीच्या गावात नियम म्हणजे लेखी हुकूम, ही समजूत मुरायला वेळ लागत नाही. त्यामुळेच की काय, दशाज्ञाही सिनाय पर्वतावर दगडी पाट्यांवर कोरल्या गेल्या त्या दिवसापासूनच लागू झाल्या, असे आपण धरून चालतो. पवित्र शास्त्र निराळे सांगते.

शब्बाथाची आज्ञा निर्गमाच्या विसाव्या अध्यायात येते. परंतु सोळाव्या अध्यायातच लोक सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना गोळा करतात आणि सातव्या दिवशी रानात तो सापडत नाही. थोरला मुलगा निपुत्रिक वारल्यावर यहूदा दुसऱ्यास भावजयीशी दिराचे कर्तव्य करावयास सांगतो. तो नियम लिहिलेला आढळतो थेट अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात!

अब्राहामाने सगळे नियमशास्त्र ते मिळण्यापूर्वीच पाळले, असे यहुदी धर्मगुरूंनी मिश्नात म्हटले आहे. उलट दुसऱ्या शतकातील संत जस्टिन यांनी त्रिफोशी केलेल्या संवादात, पूर्वजांनी शब्बाथ पाळला नाही आणि तरीही ते देवाला प्रिय झाले, असे प्रतिपादन केले. आम्हांस दोन्ही मते टोकाची वाटतात.

नंतरच्या लेखकाने आपल्या काळचे नियम जुन्या कथांत घातले असतील, अशी शंका कोणी घेईल. शुद्ध-अशुद्ध पशूंविषयी नोहाच्या कथेत ती खरीही असू शकेल. पण मग याकोबाने दोन सख्ख्या बहिणी केल्या, अब्राहामाची पत्नी त्याची सावत्र बहीण होती, हे कोणी का पुसले नाही? लेवीय ग्रंथात दोन्ही संबंध निषिद्ध आहेत. जुनी रीत होती तशी राहू दिली गेली, म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो. शिवाय १९०१-०२ साली इराणात सुसा येथे सापडलेल्या हम्मुराबीच्या शिळेवर 'डोळ्याबद्दल डोळा' हा न्याय कोरलेला आहे. ती शिळा मोशेहून कित्येक शतके जुनी. नियमशास्त्र नसलेल्यांच्याही अंतःकरणावर नियम लिहिलेला असतो, हे संत पौलाने रोमकरांस कळविले ते उगाच नव्हे.

ग्रंथावाचून नियम टिकतो कसा, याचा दाखला आपल्याच कोकणात आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, असे बेने इस्राएल सांगतात. हे लोक अर्थात मोशेनंतरचे. परंतु नियमशास्त्राची गुंडाळी त्यांच्यापाशी उरली नव्हती, हिब्रू विस्मरणात गेली होती आणि घरात मराठीच बोलली जाई. तेल गाळणे हा धंदा. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद! गावकऱ्यांनी कारण विचारले असेल-नसेल, नाव मात्र देऊन टाकले: शनिवार तेली. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई, 'शमा'चे शब्द तोंडी राहिले आणि खवले नसलेली मासळी चुलीवर चढत नसे. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९६ साली, सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. कोचीनकडील शिक्षकांनी त्यांना पुष्कळ काही शिकविले. शनिवार मात्र कोणाला शिकवावा लागला नाही.