ओहमचा नियम आणि उत्सवाची रोषणाई

जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी विद्युत्प्रवाहाचा नियम १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा स्वदेशी त्याची उपेक्षाच झाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस कोपली पदक अर्पिले. प्रवाह दुप्पट झाला म्हणजे तारेतील उष्णता चौपट होते, हा जूल यांचा सिद्धांतही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

बालाघाट जिल्ह्यातील लालबर्रा येथील एखाद्या उत्सवमंडपात तंतूच्या दिव्यांतून २३० व्होल्ट दाबाने ५ अँपिअर प्रवाह वाहतो असे समजू. दाबास प्रवाहाने भागिले की रोध ४६ ओहम. गुणिले की शक्ती १,१५० वॉट. दिवे दुप्पट केले तर प्रवाहही दुप्पट होऊन तीच तार चौपट उष्णता सोसते. म्हणून रोषणाई वाढविण्यापूर्वी आम्ही हा हिशेब मांडावा. देवापुढील उजेड आगीचे कारण होता कामा नये.