तीजनबाईंचा तंबुरा आणि उसनी भांडी

आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसून सासरचा जाच ओवीत सांगायच्या. बोलायला बंदी होती, गायला नव्हती. मन हलकं व्हायचं, पण जाच सुटायचा नाही. आज गाण्याच्या जोरावर बाहेर पडलेल्या एका बाईची हकीकत सांगते.

आपल्या गोंदिया-गडचिरोलीला लागून छत्तीसगड आहे. तिथे महाभारत गाऊन सांगतात, त्याला पंडवानी म्हणतात. भिलाईजवळच्या गनियारी गावात १९५६ साली तीजनबाईंचा जन्म झाला. आईच्या वडिलांच्या तोंडून ऐकून ऐकूनच त्यांनी पंडवानी पाठ केली.

बाराव्या वर्षी त्यांचं लग्न लावून दिलं. त्या काळी बाईनं पंडवानी गायलीच, तर बसून गायची. उभं राहून, हावभाव करत गायची कापालिक रीत पुरुषांची. तीजनबाई गातात म्हणून समाजानं त्यांना वाळीत टाकलं. त्यांनी गाणं सोडलं नाही. त्या नवऱ्याच्या घरी त्या नांदायला गेल्या नाहीत; पुढे ते लग्न मोडलं. लहानशी झोपडी बांधून त्या एकट्या राहू लागल्या. भांडी शेजाऱ्यांकडून उसनी, खाणंही उसनं.

तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात त्या पहिल्यांदा लोकांसमोर गायल्या, तेही उभं राहून. मिळाले १० रुपये. पुढे नाटककार हबीब तन्वीर यांनी त्यांचं गाणं ऐकलं आणि त्यांना मोठी व्यासपीठं मिळाली. त्यांच्या हातातला तंबुरा कधी भीमाची गदा व्हायचा, कधी अर्जुनाचं धनुष्य. भर सभेत जाब विचारणारी द्रौपदी त्यांच्या तोंडून बोलायची. २००३ साली पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण त्यांना मिळालं.

गाण्यानं त्यांना धीर दिला, ऐकणारी माणसं दिली आणि हातात स्वतःचे पैसे दिले. पण पुरस्कारांच्या कितीतरी आधी चूल पेटली ती शेजारच्या उसन्या भांड्यांवर, हे विसरू नका.

आज महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानं कुणाला वाळीत टाकणं गुन्हा आहे. तरी मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला पहिल्या रात्री आसरा लागतो, ताट लागतं. आपल्या गटातली एखादी उद्या अशी दारात आली, तर पहिलं पातेलं कुणाच्या घरून जाईल? येत्या बैठकीत हे ठरवून टाकूया. आणि बैठकीची सुरुवात एका ओवीनं करूया.